मऊ पाणी

सिद्धाप्पाने न विचारता नळाची नळी पिंपातून ओढून काढली आणि आपल्या कॅनमध्ये घातली, तेव्हा राजाबाईंनी थापत आणलेली भाकरी परातीत तशीच सोडली आणि पिठाच्या हातांनी न्हाणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ह्ये कुटलं वागनं म्हनायचं रं? पाच दिसानं नळ येतो हितं. त्यो बी दोन तास. त्यात तुजंच आधी?"

"दोनच कॅन की, अक्का."

"दोनच! मागल्या बारीला दोनच, त्याच्या मागल्या बारीला दोनच. पेठेतल्या बाया हासाय लागल्यात. राजाबाईचा भाऊ माहेराहून रिकामा येतो आन् पानी भरून नेतो. भाऊ हायेस का भिस्ती?"

सिद्धाप्पा हसला नाही. एरवी बहिणीच्या बोलण्यावर मिशीतल्या मिशीत हसणारा माणूस, पण आज धोतराचा सोगा खोचून नळीपाशी उकिडवा बसला होता आणि धारेवरची नजर काढत नव्हता.

पूर्वी तो असा नव्हता. बहिणीकडे यायचं तर हुलगे, करडईचं तेल, बोकड कापला असला तर मागची मांडी, काही ना काही फडक्यात बांधून आणायचा. उंबऱ्यात आधी तिच्या पायाला हात लावायचा आणि मग पाणी मागायचा. गेल्या दोन महिन्यांत मात्र तो नळाची पाळी बघूनच उगवत होता. वडापच्या जीपवर पामतेलाचे रिकामे कॅन बांधून यायचा, भरून न्यायचा. चहा घेतला तर घेतला.

राजाबाईंना चार कळशा पाण्याचं दुःख नव्हतं. त्यांना टोचत होतं ते निराळंच. ज्याच्या स्वतःच्या विहिरीत देव प्रगटला, त्यानं महापालिकेच्या नळाला का झोंबावं?

देव प्रगटला होता हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. वळसंगच्या अलीकडच्या माळावर त्यांच्या माहेरची वाडी. मार्गशीर्षातल्या येळामावस्येला वाडीतल्या बाया सिद्धाप्पाच्या विहिरीवर गेल्या आणि पायरीजवळच्या सात दगडांना, पाण्यातल्या देवतांना, आसरांना, त्यांनी भंडारा वाहिला. सिद्धाप्पाच्या बायकोनं, रत्नम्मानं, विहिरीची कळशी त्यावर ओतली आणि पिवळाधमक भंडारा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल झाला. हळदीचं कुंकू झालं. बाया किंचाळल्या, दोघींच्या अंगात आलं. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी माळावर माणूस मावत नव्हतं. लोक बाटल्या भरभरून तीर्थ नेत होते.

"घरात आसरांचं तीर्थ, आन् प्यायला नळाचं पानी?" राजाबाईंनी विचारलं.

"तीर्थ तीर्थासारखं घ्यावं, अक्का. तांब्यानं पीत्यात का?"

त्याने कॅनचं झाकण आवळलं, तेव्हा राजाबाईंना त्याची बोटं दिसली. पेरांवरची कातडी पांढरी पडून सोलपटली होती, भिजत ठेवलेल्या पावट्याची साल सुटावी तशी. त्यांनी त्याचा हात धरला आणि उजेडात फिरवला.

"ह्ये काय?"

"मेंढरं धुतली इहिरीवर. पानी लई मऊ झालंय आता. साबन सुदिक लागत न्हाय." बोलता बोलता तो थांबला, आणि हात सोडवून घेत म्हणाला, "जीप जाईल माजी."

दोन्ही कॅन उचलून तो गेला. पायाला हात लावायचा आजही विसरला. राजाबाई परत चुलीपाशी आल्या तेव्हा तव्यावरची आधीची भाकरी करपून काळी झाली होती. त्यांनी ती उलटली नाही.

राजाबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती, पण सोडा त्यांना वाचता येत होता.

पंधराव्या वर्षी त्या या घरात आल्या, तेव्हा मागच्या अंगणात सूत रंगवायचे चार हौद होते. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, अंगाची हळद अजून उतरली नव्हती, तर सासूनं त्यांना लडी पिळायला बसवलं. हौदात हात घातला आणि कोपरापर्यंतची हळद रक्तासारखी लाल झाली. त्या ओरडल्या. सासू पोट धरून हसली. "भाग्याची हायेस गं. सोड्यानं बी कुंकू लावलं तुला!" आठवड्याभरात दोन्ही तळव्यांची कातडी निघाली, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. नवऱ्याचं, ईरप्पांचं, उभं आयुष्य त्या हौदांवर गेलं. म्हातारपणी आधारकार्ड काढायला गेले, तर यंत्रावर त्यांचा अंगठाच उठेना. बोटांवर रेघ म्हणून उरली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी ते गेले.

हौद बुजवून मुलानं, सोमलिंगनं, टॉवेलचा कारखाना घातला. तो माहेरच्या माळावर घातला, ही राजाबाईंची हौस. वाडीच्या पोरांना सोलापुरात हमाली करावी लागू नये, म्हणून त्यांनी हट्टच धरला होता. टॉवेलला नाव दिलं 'अव्वा', म्हणजे आई. प्रत्येक टॉवेलला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी लटकायची आणि तिच्यावर राजाबाईंचा फोटो, नाकातल्या मोरणीसकट. खालचं इंग्रजी त्यांना कारखान्यातल्या सुकन्यानं वाचून दाखवलं होतं. ह्या टॉवेलनं जितकं पाणी घेतलं, त्याच्या दुप्पट जमिनीला परत दिलं. राजाबाईंनी शंभर चिठ्ठ्या मागून घेतल्या होत्या आणि नात्यात वाटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कारखान्यात गेल्या. पुढच्या दारातून जाताना सगळे उठून उभे राहिले, ते त्यांना आवडायचंच. पण आज त्या ऑफिसात शिरल्या नाहीत. डाईंगला वळसा घालून, लिंबाची रोपं लावलेल्या वाटेनं थेट मागच्या कुंपणापाशी गेल्या. पलीकडे तीन शेतं, आणि मग सिद्धाप्पाची विहीर.

कुंपणाला लागून पावसाचं पाणी जमिनीत सोडायची बोअर होती. भोवती सिमेंटचं कडं, त्यावर हसऱ्या थेंबाचं चित्र. स्टुलावर महादेवप्पा बसला होता. ईरप्पांच्या हौदात काठी फिरवून म्हातारा झालेला माणूस. राजाबाईंना बघून तो धडपडत उठला.

"बस, बस. पाऊस कुटं पडला रं आज?"

"पाऊस? माघ चाललाय की, अव्वा."

"मग ह्यो पाइप कशानं गुरगुरतोय?"

महादेवप्पानं पाइपाकडे पाहिलं, जणू तो गुरगुरतोय हे त्याला आताच कळत होतं. पाइपावर मीटर होता. त्यातले आकडे एकामागून एक उलटत होते.

"पानी मुरतंय, अव्वा."

"ते दिसलं मला. कुटं मुरतंय, ते इचारतीया."

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"रंग काढतो आमी. समदा काढतो. रंग दिसतो न्हवं. सोडा काय दिसत न्हाय. त्यो काढायचा तर ती मोठी भट्टी पेटवावी लागती, पानी आटवावं लागतं. लई जळन खाती ती. पाहुनं आलं की पेटवत्यात."

"आन् ह्यो मीटर?"

"जमिनीत किती सोडलं ते दावतो. पत्र्यावरनं आलेलं पावसाचं बी यातनंच जातं, रंगाच्या हौदातलं बी यातनंच. मीटरला काय वास येतो व्हय? जेवढं खाली गेलं, तेवढं परत दिलं म्हनून लागतं." तो खाली मान घालून म्हणाला, "त्योच आकडा तुमच्या फोटूखाली छापत्यात."

राजाबाई बराच वेळ मीटरकडे पाहत राहिल्या. आकडे वाचता येत होते त्यांना. दुसरीपर्यंत आकडे होतेच.

सोमलिंगच्या ऑफिसात पाणी अर्ध्या पेल्यानं मिळायचं. भिंतीवर पाटीच होती तशी. पोऱ्यानं आणलेला अर्धा पेला राजाबाईंनी हातात धरला, प्यायल्या नाहीत.

"हे सोड्याचं तुला कोणी सांगितलं?" सोमलिंगनं विचारलं. तो चिडला नव्हता. चाळिशीतच त्याच्या डोळ्यांखाली बापासारख्या पिशव्या आल्या होत्या. "महादेवप्पानं?"

"तुज्या मामाच्या बोटांनी."

त्यानं उठून दार लोटलं.

"अव्वा, टॉवेल अख्खं सोलापूर विणतं. चांगला विणतं. तरी पाच वर्षांत आपल्या पेठेतले किती माग भंगारात गेले, ते तू बघितलंस. आपला कारखाना का चाललाय? आपण टॉवेल विकतच नाही. तिकडचा माणूस अंघोळ करून उठतो, त्याला आपण सांगतो, पूस अंग, तुला पाप लागणार नाही. त्याचे तो दुप्पट देतो. एवढीच एक गोष्ट आपल्याकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही."

"आन् हितल्या मानसाला काय सांगतोस?"

"हितल्याला काम देतो. वाडीतली साठ पोरं आहेत माझ्याकडे. भट्टी रोज पेटवली तर या भावात जमत नाही, मी करून बघितलं. शुक्रवारी जर्मनीचे पाहुणे येतायत. तीन वर्षांची ऑर्डर आहे. ती हातात आली की दुसऱ्या दिवसापासून रोज पेटवतो. शपथ घेतो."

"कुनाची?"

सोमलिंगची नजर भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडे गेली आणि तिथून लगेच खिडकीबाहेर.

"पाहुण्यांना विहिरीवर न्यायचंय," तो म्हणाला. "गावाचा विश्वास बघायचाय त्यांना. मामानं सगळी तयारी केलीय. तू नुसता भंडारा वाहायचास. बाकी काही नाही."

"आन् तीर्थ? पाहुन्यांना तीर्थ देनार न्हवं?"

"नको नको. त्यांची पोटं नाजूक असतात. त्यांना बाटलीतलं मागवलंय."

हे तो फार पटकन बोलला. मग टेबलावरची पेनं त्यानं एका रेषेत लावली, आणि लावलेली पुन्हा लावली. भांडं आपटल्याशिवाय खाली न ठेवणाऱ्या राजाबाईंनी पाण्याचा पेला टेबलावर असा टेकवला की आवाजसुद्धा झाला नाही.

शुक्रवारी त्या वाडीला गेल्या, तेव्हा पदराच्या गाठीत मूठभर धुण्याचा सोडा बांधलेला होता.

रस्त्यावर नवा मुरूम पडला होता. विहिरीच्या वळणावर उन्हावर चालणारा दिवा उभा होता. सिद्धाप्पाच्या घरात रत्नम्मा पाहुण्यांसाठी शेंगाच्या पोळ्या लाटत होती. दारामागे घोंगडीखाली झाकलेले दोन कॅन राजाबाईंनी लगेच ओळखले. नात पाणी मागायला आली, तर रत्नम्मानं लाटणं ठेवलं, घोंगडी उचलली आणि कॅनमधलं पाणी वाटीत ओतून तिला दिलं. सांडलेले दोन थेंब बोटानं पुसून पोरीच्या ओठांना लावले. मग नणंदेची नजर बघून ती पुन्हा पोळीवर वाकली.

राजाबाई बाहेर आल्या. सिद्धाप्पा ओसरीवर फेटा बांधत होता. लांबवर पूजेचा ढोल सुरू झाला होता.

"तुला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सोडा हाय त्यो. तुला पयल्यापासनं ठावं हाय."

सिद्धाप्पानं फेट्याचा एक वेढा पुरा केला. दुसरा अर्ध्यावर सोडला.

"तुज्या हौदावर ल्हानाचा मोठा झालो मी, अक्का. मला कळनार न्हाय?" तो म्हणाला. "दिवाळी सरली आन् इहिरीचं पानी चढाय लागलं. पाऊस न्हाय आन् पानी वाढतंय, असं कुटं असतं? मेंढरं तोंड लावंनात. तहानेनं प्याली ती गाभडली. अकरा मेंढ्या. तुज्या पोराच्या गेटावर तीनदा गेलो. सायबाला येळ न्हाय म्हनून गुरख्यानं भायेरनंच लावून दिलं."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुला?" त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "तुजा फोटू हाय की त्या टावेलावर."

राजाबाईंनी पदराची गाठ मुठीत धरली.

"मग येळामावस्या आली. बाया आसरा आसरा म्हनाय लागल्या. मी काय बी बोललो न्हाय. आट दिसात मुरूम पडला. दिवा लागला. माज्या पोराला, गुरुला, सोमलिंगानं कायम केलं, सात वरसं बदलीवर राबत व्हता पोरगा. पानी नासलं म्हनलो, तवा गेट उघडलं न्हाय. आसरा म्हनल्यावर सायेब गाडी घिऊन दारात आला. आता तूच सांग, काय म्हनायचं मी?"

ढोल जवळ आला. वाटेनं बाया येत होत्या, कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात थंड पेयाची रिकामी बाटली, कडेवर पोरं.

"आन् ह्या?" राजाबाईंनी हात केला. "ह्यांची लेकरं पित्यात की रं."

सिद्धाप्पानं उरलेला फेटा घाईनं गुंडाळला. "थोडंथोडंच पित्यात," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

विहिरीवर मांडव घातला होता. टेबलावर पांढरं कापड, त्यावर पाण्याच्या बंद बाटल्या. पाहुणे दोघं होते, एक उंच बाई आणि एक टक्कल पडलेला माणूस; दोघांच्या खांद्यांवर 'अव्वा'चे पिवळे टॉवेल उपरण्यासारखे घातलेले. सुकन्या त्यांच्या मधे उभी राहून हळू आवाजात सांगत होती. सोमलिंग हात जोडून हसत होता.

"आजी, इकडून या. भंडारा वाहताना जरा कॅमेऱ्याकडे बघाल ना?" सुकन्या म्हणाली.

राजाबाई बघत होत्या ते दुसरीकडेच. पायरीच्या कडेला माढ्याकडून आलेली एक बाई बसली होती. मांडीवर वर्षाचं पोर, अंगावर हाडं तेवढी. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यांत पांढरे चट्टे होते. बाई चमच्यानं त्याला तीर्थ पाजत होती आणि पोर मान फिरवत होतं. ती पुन्हा त्याचं तोंड आपल्याकडे वळवत होती, मायेनं, न कंटाळता.

"किती दिस पाजतीस गं?"

"तिसरा शुक्रवार हाय, आजी. पाच करायचा नवस बोललेय."

राजाबाईंनी तिच्या हातातला चमचा काढून घेतला. मग त्या टेबलापाशी गेल्या, एक बंद बाटली उचलली, दातांनी झाकण फोडलं, आणि पूजेच्या ताटातला भंडारा घेऊन आसरांच्या दगडांसमोर उभ्या राहिल्या. आवाज चढवायला त्यांना कधीच काही करावं लागत नसे.

"बायांनो, बगा. ह्ये पानी ह्या इहिरीचं न्हाय. पाहुन्यांचं हाय, दुकानातलं." त्यांनी तळहातावर भंडारा घेतला, वर बाटलीतलं पाणी ओतलं. भंडारा पिवळाच राहिला. त्यांनी हात उंच करून सगळ्यांना दाखवला. मग दातांनी पदराची गाठ सोडली. "आन् ह्यो सोडा. धुन्याचा. तुमच्या-माज्या घरातला." सोड्याची चिमूट तळहातावर पडली. बोटानं त्यांनी ते कालवलं.

भंडारा लाल झाला.

"कळलं? हळदीच्या डागाला साबन लावला की काय व्हतं, ते ठावं न्हाय अशी बाई हाय का हितं? ह्या इहिरीत आसरा न्हाईत. सोडा हाय. माज्या लेकाच्या कारखान्याचा सोडा हाय. लेकरांना पाजू नका."

ढोल थांबला होता. सोमलिंगचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं. सिद्धाप्पा जमिनीकडे बघत होता. राजाबाई हात पुढे करून उभ्या होत्या आणि समोर पन्नास-साठ बायका त्या लाल तळहाताकडे बघत होत्या. जन्मभर धुणं धुतलेल्या बायका. राजाबाईंचा सगळा भरवसा त्या धुण्यावर होता.

पण धुण्याच्या दगडावर जे कळतं, ते देवाच्या दगडावर कळत नाही.

"आली!" मागून कोणीतरी म्हातारी ओरडली. "अव्वाच्या हातात आली गं बया! दुकानातल्या पान्यात बी आली!"

"न्हाय, न्हाय, आगं ऐका..."

ढोल पुन्हा वाजू लागला, आता दुप्पट जोरात. बाया लोटल्या. कोणी पायावर डोकं ठेवलं, कोणी पदर धरला. त्या ओरडत राहिल्या, सोडा, सोडा, आणि त्यांचं ओरडणं बघून बाया आणखी हात जोडत होत्या, कारण अंगात आलेली बाई ओरडतेच. माढ्याची बाई पोराला घेऊन गर्दीतून वाट काढत आली. राजाबाईंच्या तळहातावरचं लाल तिनं बोटावर घेतलं, आधी पोराच्या कपाळाला लावलं. मग डोळे मिटून ते राजाबाईंच्या कपाळाला लावलं.

नऊ वर्षं कोरं असलेलं कपाळ. राजाबाईंचा लाल हात खाली आला.

सुकन्या पाहुण्यांना काहीतरी सांगत होती. काय सांगावं हे क्षणभर तिलाही सुचलं नसावं, कारण ती एकदा अडखळली आणि तिनं सोमलिंगकडे पाहिलं. सोमलिंगनं होकाराची मान हलवली. मग ती आसरांचं सांगू लागली. उंच बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं खांद्यावरच्या टॉवेलनं ते टिपलं आणि हात जोडले.

कॅमेरावाला पुढे सरकला. "साहेब, असाच घेऊ का? कपाळावर कुंकू... लई भारी येईल."

सोमलिंगनं आईच्या कपाळाकडे पाहिलं. त्याची हनुवटी एकदा हलली. राजाबाईंना वाटलं, आता हा येईल, पदरानं पुसेल.

"घे," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून पाहुण्यांकडे गेला.

गाड्या गेल्या. मुरमाची धूळ खाली बसायला वेळ लागला. मांडवात रांग लागली होती ती तीर्थाची, आणि ती पहिल्यापेक्षा मोठी होती. माढ्याच्या बाईला चमचा सापडला होता. पोर दमलं होतं, आता मान फिरवत नव्हतं.

राजाबाई विहिरीच्या काठावर बसल्या होत्या. पाणी काठाच्या खाली दोन हातांवर आलेलं, निवळशंख, तळाचे दगड दिसतील असं. सिद्धाप्पा घरातून आला. कॅनमधल्या पाण्यात भिजवलेलं फडकं त्यानं पुढे केलं.

"पूस, अक्का," तो हळूच म्हणाला. "आग व्हईल."

आग होतच होती. राजाबाईंनी फडकं घेतलं नाही. त्या भावाच्या सोललेल्या बोटांकडे आणि त्यांतून टपकणाऱ्या नळाच्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग रांगेतल्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, पण आता तिकडे कोणी कान देत नव्हतं.

"त्यो माजाच पोटचा. त्यानं पान्यात सोडा घातला. तू द्येव घातलास, सिद्धाप्पा. सोडा उपसता यील, आज न्हाय तर पाच वरसांनी. द्येव कसा उपसायचा रं?"